‘मशीनवर ठेवू नका’ हे सांगण्याचा अधिकार

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातील एका खेड्यात राहतो. माझे वय 22 आहे. स्नायू हळूहळू दुबळे करणाऱ्या ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आजारामुळे शाळेत असल्यापासून व्हीलचेअरवर आहे. हे पत्र मी सांगितले आणि बहिणीने लिहून घेतले. गेल्या पावसाळ्यात न्यूमोनिया झाला तेव्हा एका रुग्णालयात आठ दिवस आयसीयूत होतो. पुढे कधीतरी गळ्याला छिद्र पाडून कायमचे व्हेंटिलेटरवर ठेवावे लागेल, असे तिथल्या डॉक्टरांनी आप्पांना सांगितले. मला कोणी काही विचारले नाही. मला ते नको आहे, आणि हृदय थांबलेच तर छाती दाबून, नळी घालून ते पुन्हा चालू करणेही नको आहे. आप्पा म्हणतात, कागदावर सही माझी असते, निर्णयही माझाच. कायद्याने माझ्या शब्दाला काही किंमत आहे का?

उत्तर : आहे, आणि तुम्ही शुद्धीवर असेपर्यंत ती आप्पांच्या सहीपेक्षा अधिक आहे. 18 वर्षे पूर्ण झालेली, आपला आजार आणि त्यावरचे उपचार समजू शकणारी व्यक्ती कोणताही उपचार नाकारू शकते, मग तो जीव वाचवणारा का असेना. समीरा कोहली या रुग्णाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच स्पष्ट केले की, जिवावर बेतलेली तातडी नसताना सज्ञान रुग्णाऐवजी आईने दिलेली संमती पुरेशी ठरत नाही. पुढे 9 मार्च 2018 रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा अधिकार हा घटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या अधिकाराचाच भाग मानला. म्हणून व्हेंटिलेटर नाकारणे ही आत्महत्या नव्हे, हे आप्पांना शांतपणे सांगावे. पुष्कळ घरांत विरोधाच्या मुळाशी हीच भीती असते आणि ती कोणी बोलून दाखवत नाही.

मात्र तुमच्या पत्रातील ‘मला कोणी विचारले नाही’ हे वाक्य मला सर्वांत जास्त लागले, कारण त्याचा दुसरा अर्थ असा की तुम्ही जे नाकारत आहात त्याची माहितीही तुम्हाला दुसऱ्याच्या तोंडूनच मिळाली आहे. गळ्याला छिद्र पाडून बसवलेली नळी आणि नाकातोंडावर लावायचा, यंत्राने हवा देऊन श्वासाला मदत करणारा बायपॅपचा मास्क या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ड्युशेनमध्ये श्वासाचे स्नायू थकू लागले की प्रथम रात्री मास्क लावतात. त्याने झोप सुधारते, सकाळची डोकेदुखी कमी होते आणि आयुष्य काही वर्षांनी वाढू शकते. मास्क घरच्या घरी लावता येतो आणि नको वाटल्यास काढताही येतो. या आजारात हृदयाचा स्नायूही दुबळा होतो, त्यावरची औषधे निराळी. तेव्हा ‘मशीन नको’ असे सरसकट म्हणण्याआधी श्वसनरोगतज्ज्ञांसमोर स्वतः बसा आणि प्रत्येक उपचाराविषयी वेगवेगळा निर्णय घ्या. न्यूमोनियासारख्या दुखण्यात थोड्या दिवसांसाठी घातलेली नळी तुम्हाला चालेल का, याचेही उत्तर तयार ठेवा. आणखी एक गोष्ट संकोच न करता विचारतो : आयसीयूतून आल्यापासून मन सतत खचलेले असते का? तसे असेल तर आधी त्यावर उपचार घ्या. नैराश्य आहे म्हणून तुमचा अधिकार जात नाही, पण इतका मोठा निर्णय स्वच्छ मनाने झालेला असावा, असे मला मनापासून वाटते.

आता कागदाविषयी. तुम्ही बोलू शकता तोवर तुमचा शब्द पुरेसा आहे. बोलता येणार नाही त्या वेळेसाठी ‘वैद्यकीय इच्छापत्र’, म्हणजे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, करून ठेवता येते. 2018 मध्ये त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असे. 24 जानेवारी 2023 रोजी न्यायालयाने ही अट शिथिल केली असून आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित केले की पुरते. आपल्या वतीने कोणी बोलावे, त्या एक किंवा अधिक नातेवाइकांची नावे त्यात घालावीत. बहिणीची तयारी असेल तर तिचे नाव जरूर असू द्या. प्रत घरच्यांकडे, डॉक्टरांकडे आणि ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यावी. विचार बदलला तर ते केव्हाही लेखी रद्द करता येते.

या कागदाची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो लागू होतो तो आजार बरा होण्याची आशा उरलेली नसते तेव्हाच, आणि तेही रुग्णालयाच्या दोन वैद्यकीय मंडळांनी एकापाठोपाठ तसे मत दिल्यावर. प्रत्येक मंडळात किमान तीन डॉक्टर असतात, आणि प्रत्येकाने शक्यतो 48 तासांत मत द्यावे, असे न्यायालयाने म्हटले आहे. हृदय थांबल्यावर ते पुन्हा चालू न करण्याविषयी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2020 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. त्यांनुसार असा निर्णय उपचार करणारे डॉक्टर रुग्णाशी बोलून केसपेपरमध्ये नोंदवतात, आणि ती नोंद फक्त छाती दाबणे व तत्सम प्रयत्नांपुरती असते. सलाईन, औषधे, वेदनाशमन हे सर्व चालूच राहते. घरी अचानक बेशुद्ध झालात आणि कोणी 108 ला फोन केला, तर आलेले डॉक्टर तुम्हाला वाचवण्याचाच प्रयत्न करतील आणि ते त्यांचे कर्तव्य आहे. त्यामुळे त्या वेळी कोणाला बोलवायचे, हे घरात आजच ठरलेले असावे.

आप्पांशी बोलताना कायद्याचा कागद पुढे करू नका. ज्या माणसाने तुम्हाला इतकी वर्षे उचलून अंगणात आणले, त्याला तो कागद म्हणजे आपल्या सेवेला दिलेला नकार वाटेल. आपल्या अहिराणीत ‘आप्पा, मन्हं ऐका’ एवढ्यानेच सुरुवात करा, आणि काय नको याच्या आधी काय हवे ते सांगा : धाप लागली तर ती कमी करणारे औषध, कमी मात्रेतील मॉर्फिनसुद्धा, घरचे अंथरूण, बहीण जवळ. हे सर्व देता येते आणि त्याची सोय करणे हा उपचाराचाच भाग आहे. पुढच्या तपासणीला आप्पांनाही सोबत न्या, मात्र डॉक्टरांना पहिला प्रश्न तुम्ही विचारा.

प्रश्न : माझी 20 वर्षांची विवाहित भाची शहादा येथे राहते. तिला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. डॉक्टर रक्त चढवावे म्हणतात, सासरे मात्र तिला घरी नेऊ म्हणतात. तिला उपचार हवे आहेत. सासऱ्यांना नकार देता येतो का?

उत्तर : नाही. भाची शुद्धीवर आहे, तोवर तिच्या वतीने नकार देण्याचा अधिकार ना सासऱ्यांना आहे, ना नवऱ्याला, ना माहेरच्यांना. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत असल्याच्या कागदावर दुसऱ्या कोणाची सही घेऊन तिला हलवणे योग्य ठरणार नाही. आपण आजच रुग्णालयात जा, बाकीच्यांना थोडा वेळ बाहेर थांबवून डॉक्टरांनी तिलाच विचारावे अशी विनंती करा, आणि तिचे उत्तर केसपेपरवर लिहून घ्या.