वर्डच्या क्लासआधी एक नोटीस टाइप करून बघा

ताई, तुम्ही विचारलंय की वय 58, कॉम्प्युटरला आजवर हात लावलेला नाही आणि सोसायटीचं सचिवपद गळ्यात पडलंय. नोटिसा, इतिवृत्तं मराठीत टाइप करायची आहेत, तर वर्डचा क्लास लावू का? माझं मत, इतक्यात नको. क्लासमध्ये बायोडेटा आणि रंगीत मथळे करण्यात बराच वेळ जातो. तुम्हाला आत्ता वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस हवी आहे, तिच्यावरच शिका. ती सभेच्या पूर्ण 14 दिवस आधी सभासदांच्या हाती पडायला हवी, तेव्हा सराव आजच सुरू करा. वर्ड नसेल तर लिब्रेऑफिस रायटर उतरवून घ्या. फुकट आहे, आणि खालचं सगळं तिथेही चालतं.

विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडा. मग विंडोजचं बटण धरून स्पेस दाबली की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. फोनेटिक (इंग्रजी स्पेलिंग टाइप करून मराठी उमटवायची) की इनस्क्रिप्ट (प्रत्येक मराठी अक्षराला ठरलेलं बटण), हा वाद इथे कायमचा आहे. पण तुमच्या बोटांना इंग्रजीचीही सवय नाही, म्हणजे मोडायला काही नाही, म्हणून मी थेट इनस्क्रिप्ट सांगेन. मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. ‘सचिव’ लिहायचं तर एम, अर्धविरामाचं बटण, एफ, बी. वेलांटी कागदावर ‘च’च्या आधी दिसते, पण दाबायची नंतर, जसं आपण बोलतो तसं. ‘करणाऱ्या’मधला ऱ्या मात्र नेहमीच्या ‘र’ने येत नाही, ‘र्या’ होऊन बसतो. तिथे शिफ्ट धरून जे, मग डी, मग प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ, मग ई.

आता खरी गोष्ट. वर्डमध्ये नवखी माणसं अडतात ती टायपिंगपाशी कमी आणि एंटर-स्पेसपाशी जास्त. ओळ संपत आली की एंटर मारायचा नाही, मजकूर आपोआप खाली उतरतो. एंटर फक्त परिच्छेद संपल्यावर. तारीख उजवीकडे न्यायला स्पेस दाबत बसू नका, त्या ओळीवर कर्सर (लुकलुकणारी उभी रेघ) ठेवून कंट्रोल-आर दाबा. सहीची जागा पुढच्या पानावर हवी असेल तर दहा एंटर नकोत, कंट्रोल-एंटर एकदाच. नाहीतर वर एक शब्द वाढला की खालचं सगळं घसरतं, आणि छापताना ‘सचिव’ भलत्याच पानावर एकटा उभा असतो!

यावर उपाय म्हणजे वरच्या पट्टीतलं उलट्या इंग्रजी पी-सारखं बटण. ते दाबलं की प्रत्येक स्पेसच्या जागी टिंब आणि प्रत्येक एंटरच्या जागी तेच चिन्ह दिसतं. पडदा गिचमिड वाटेल, वाटू दे. छापताना त्यातलं काही उमटत नाही. बरेच लोक ते लगेच बंद करतात. तुम्ही पहिला महिनाभर चालूच ठेवा. टिंबांची रांग दिसली की समजायचं, इथे कुणीतरी स्पेसने ओळ ढकललीय.

सभेपुढील विषयांना आकडे हाताने घालू नका, क्रमांकांच्या यादीचं बटण वापरा. अध्यक्षांनी ऐनवेळी लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय मध्येच घुसवला तरी पुढचे आकडे आपोआप सरकतील. फॉन्ट निर्मला यूआय किंवा मंगल घ्या. कॅलिब्रीत देवनागरी अक्षरंच नाहीत, त्यामुळे तो निवडून मराठी मजकूर बदलत नाही म्हणून गोंधळू नका. चुकलं की कंट्रोल-झेड, दर दोन-चार ओळींनी कंट्रोल-एस. बाकीच्या शंभर बटणांकडे ढुंकूनही बघू नका.

आधीच्या सचिवांच्या फायली उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसला तर घाबरू नका. त्या युनिकोडपूर्व, म्हणजे इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूप देणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असाव्यात. तो फॉन्ट मिळाला तर वाचता येतील, पण नवीन नोटीस त्यात करू नका.

व्हॉट्सअॅपवर पाठवताना पीडीएफ करून पाठवा, म्हणजे प्रत्येकाच्या फोनवर ओळी जागच्या जागी राहतात. मूळ फाइल मात्र जपून ठेवा, पुढच्या वर्षी तारीख आणि विषय बदलले की झालं. अडलात तर पडद्याचा फोटो इथे टाका, पण ती टिंबं आणि चिन्हं चालू ठेवून. त्याशिवाय घोळ कुठे आहे ते आम्हालाही सांगता येणार नाही.