कोंबडी खाद्यासाठी निलगिरीचं तेल बडोद्यात घेताना काय बघायचं?

मकरपुरा जीआयडीसीत (बडोद्याची औद्योगिक वसाहत) घ्या नाहीतर थेट निलगिरीच्या डोंगरातून मागवा, पत्त्यापेक्षा तपासणीचे पेपर बघा भाऊ. प्रत्येक बॅचचा जीसी रिपोर्ट (गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे तेलात काय किती आहे त्याची तपासणी) मागायचाच, त्यात सिनिओल (निलगिरी तेलाचा मुख्य घटक) ७०% च्या वर हवं, आणि टर्पेंटाइनची भेसळ नाही ना तेही त्यातच कळतं. घनता वेगळी तपासतात, ती ०.९०६ ते ०.९२७ मध्ये हवी. दुकानदार "सगळं एकच हो" म्हणून सिट्रिओडोरा (निलगिरीच्याच दुसऱ्या जातीचं तेल) गळ्यात मारतात, ते लिंबासारखं वासाचं, त्यात सिट्रोनेलाल असतं, सिनिओल नावालाच! स्वस्त पडलं तर आधी हाच डाऊट घ्या. आणि हो, तेल उडतं, पेलेट (खाद्याच्या गोळ्या) बनवताना वाफेत बरंच जातं, म्हणून सिलिकावर बसवलेली पावडर घ्या किंवा पेलेट थंड झाल्यावर वरून फवारा. डोस मात्र पशुवैद्याला विचारूनच.