एचआयव्हीच्या संशोधनात मोठ्या संस्थेशी भागीदारी करावी का?

तुमची साताऱ्यात एचआयव्हीवर काम करणारी सात-आठ जणांची संस्था आहे, पुण्याची एक संशोधन संस्था 'भागीदार व्हा' म्हणतेय आणि सही करावी का, असं तुम्ही विचारलंय. मी सांगली जिल्ह्यात चौदा वर्षं हेच काम करतोय; आधी घरोघरी फिरणारा आउटरीच वर्कर होतो, आता समुपदेशक आहे. माझं मत: करा, पण प्रश्नावली ठरवताना तुम्हाला बसवून घेत असतील तरच. ती छापून आणून 'आता पेशंट गाठून द्या' म्हणत असतील तर ती भागीदारी नव्हे, हमाली.

एका अभ्यासात प्रश्न होता, 'गोळ्या का चुकल्या?' पर्याय होते: विसरलो, त्रास होतो, सेंटर लांब आहे. आमच्या सहकारी ताई स्वतः एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांवर आहेत. त्या कागद बघून म्हणाल्या, "अहो, यात गलाईवाला कुठाय?" विटा-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या गलाई धंद्यात देशभर पसरलेली. परगावी दुकानातच झोपायचं, तिथल्या सेंटरला नाव लावलं तर हिरवं पुस्तक (उपचाराची नोंदवही) शेठच्या हाती लागायची भीती. मग गडी जत्रेला गावी येईपर्यंत आहेत त्या गोळ्या पुरवून खातो. पर्याय घातला गेला, आणि त्यावर बऱ्याच खुणा झाल्या.

उलटंही झालंय. दुसऱ्या एका प्रकल्पाची गाडी, काचेवर एड्सचा बोर्ड, भर दुपारी एका बाईंच्या दारात जाऊन थांबली. पत्ता आम्हीच दिला होता. त्या बाई पुढचे दोन महिने गोळ्या न्यायला आल्या नाहीत. तेव्हापासून आमच्याकडची नावांची यादी बाहेर जात नाही. आम्ही पेशंटला विचारतो, यायचं असेल तर तो स्वतः जातो. एचआयव्ही-एड्स कायदा 2017 चा, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संशोधनासाठीही समजून-उमजून दिलेली संमती लागते, त्यात हे स्पष्ट आहे.

म्हणून संशोधनच नको, असं मात्र म्हणू नका. 'गोळ्या नियमित घेतल्या तर जोडीदाराला लागण टळते' हे आपण जोडप्यांना सांगतो, त्यामागे एचपीटीएन 052 हा अभ्यास आहे. 1,763 जोडपी, त्यात पुण्याच्या 'नारी' (राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था) मार्फत आलेलीही होती. लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते, हे 2011 मध्ये जाहीर झालं. ती जोडपी वर्षानुवर्षं तपासणीला येत राहिली, म्हणून हे कळलं.

आणि लहान आहोत म्हणून दबू नका. सांगलीच्या 'संग्राम' या देहविक्री करणाऱ्या बायकांसोबत काम करणाऱ्या संस्थेने 2005 मध्ये अमेरिकेचा निधी सोडला, पण त्या निधीची अट असलेल्या वेश्याव्यवसायविरोधी प्रतिज्ञेवर सही केली नाही. ज्या बायकांमध्ये काम, त्यांच्याच विरोधात लिहून द्यायचं कसं?

मसुदा आला की आधी पैशांचं पान उघडा. डॉक्टरांचं मानधन, प्रवास, मिटिंगचा चहा, सगळं असतं. घरोघरी फिरणाऱ्या बाईंचा पगार 'स्वयंसेवक भत्ता' म्हणून लिहिलेला असेल तर तिथेच थांबा आणि बदलून मागा. आणि तो पगार कुठल्या महिन्यापर्यंत आहे तेही बघा. आमचा प्रकल्प मार्चमध्ये संपला, ताईंना पेशंटचे फोन अजून येतात.