पाण्यावरची खोली की आठ जणांचे घर?

प्रश्न : यंदा सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षे होत आहेत. त्यानिमित्त दसऱ्याच्या सुट्टीत घरच्या आठ जणांनी एखाद्या बेटावर स्वतंत्र व्हिला घेऊन राहावे, असे आमच्या मनात आहे. धाकट्या दिरांनी मालदीवमधल्या पाण्यावरच्या व्हिलाची जाहिरात दाखवली. भाडे रात्रीला ६०० डॉलर आहे. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, मामंजींचे गुडघे दुखतात आणि माझा धाकटा मुलगा ४ वर्षांचा आहे. हा बेत करावा का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : निळ्याशार पाण्याचे छायाचित्र पाहून भुरळ पडणे स्वाभाविक आहे, पण तुमच्या कुटुंबासाठी हा व्हिला मला योग्य वाटत नाही. मालदीवमध्ये पाण्यावरचा व्हिला म्हणजे बहुधा खांबांवर उभारलेली, दोघांच्या बेताने सजवलेली प्रशस्त खोली असते. आठ जणांना अशा तीन-चार खोल्या घ्याव्या लागतील, आणि रात्री सगळ्यांनी गप्पांना एकत्र बसायचे म्हटले, तर सासऱ्यांना लांबलचक लाकडी पुलावरून ये-जा करावी लागेल. खोलीच्या पायऱ्या थेट समुद्रात उतरत असल्यामुळे अनेक रिसॉर्ट लहान मुलांना तेथे ठेवतच नाहीत.

भाड्याचे म्हणाल, तर जाहिरातीत आकड्यापुढे बेरजेची दोन चिन्हे (++) आहेत का, हे दिरांना बघायला सांगा. ती असतील तर सेवा शुल्क आणि कर त्या आकड्यात धरलेले नाहीत. ६०० वर १० टक्के सेवा शुल्क धरले की ६६० होतात. त्यावर पर्यटनावरचा १७ टक्के कर (जुलै २०२५ पासूनचा दर) लागून ७७२ होतात. आणि रिसॉर्टमध्ये माणशी रात्रीला १२ डॉलर हरित कर असतो तो वेगळाच. म्हणजे दोघांच्या एका खोलीचे एका रात्रीचे जवळजवळ ८०० डॉलर झाले. दूरच्या बेटावर नेणारे सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारे विमान, त्याहून निराळे, आणि ते फक्त दिवसाउजेडी उडते. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, बेंगळुरू किंवा मुंबई गाठून पुढे मालेला, मालदीवच्या राजधानीत, उतरणाऱ्याने ही वेळ साधली नाही, तर पहिली रात्र मालेतच जाते. शिवाय ऑक्टोबरात तिकडचा पावसाळी हंगाम पुरता सरलेला नसतो.

त्यापेक्षा इंडोनेशियातल्या बाली बेटाचा विचार करा. तेथे एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम असतो आणि व्हिला म्हणजे कुंपणाच्या आत पोहण्याच्या तलावाभोवती तीन-चार खोल्या असलेले अख्खे घर मिळते. आपल्याकडच्या चौसोपी वाड्यात चौकाच्या जागी पाणी भरावे तसे. सानूर हा भाग तुम्हांला मानवेल, कारण लाटा प्रवाळाच्या बांधावरच फुटतात, किनाऱ्यालगतचे पाणी उथळ असते आणि कडेने चालायला सपाट वाट आहे. बालीच्याच सेमिन्याक किनाऱ्यावरच्या लाटा मुलाला झेपणार नाहीत. बेटाच्या आतल्या भागातले उबुद रम्य खरे, पण तेथे समुद्र नाही. घराच्या तलावाला बहुतेक ठिकाणी कठडा नसतो, तेव्हा तो बसवून मिळेल का, हे पैसे भरण्यापूर्वीच लेखी विचारा.

अनेक व्हिलांत स्वयंपाकी मिळतो. त्याला ‘मांस नको’ एवढेच सांगून भागत नाही, कारण तिकडच्या सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या ठेच्यात, ‘तेरासी’ नावाचा सुकवलेल्या कोळंबीचा गोळा सर्रास असतो. ‘तेरासी नको’ असे नाव घेऊनच सांगावे. आंबवलेल्या सोयाबीनचे टेंपे मात्र सासूबाईंना निर्धास्त वाढा.

पोहोचल्यावर मिळणाऱ्या व्हिसाला माणशी ५ लाख रुपिया (इंडोनेशियाचे चलन) आणि बालीच्या पर्यटक शुल्काला दीड लाख रुपिया पडतात. आकड्याने दचकू नका, ५ लाख रुपिया म्हणजे आपले तीन हजार रुपयेही होत नाहीत. पासपोर्ट मात्र चार वर्षांच्या मुलासह सर्वांचे, पोहोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने चालणारे हवेत. सांबरा ते बेंगळुरू आणि त्यापुढचे अशी तिकिटे वेगवेगळी काढली, तर पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरे चुकल्यास भुर्दंड तुमच्यावरच पडतो. म्हणून एक दिवस हाताशी ठेवून बेंगळुरूला जाणाऱ्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेस या रेल्वेने रात्रीच निघावे; सासऱ्यांना खालचा बर्थ मिळेल एवढे आरक्षण करतानाच पाहावे.