80 अंशांच्या नळीतला रंग 60 अंशांपेक्षा फिकट आला, तर वाचन बदलावे का?

वाचन अजिबात बदलू नका. तापमान वाढेल तसा बीटच्या तुकड्यांतून पाण्यात येणारा रंग वाढत जातो असे तुमच्या मार्गदर्शिकेत छापले आहे, तुमची 80 अंशांची नळी मात्र 60 अंशांच्या नळीहून फिकट निघाली आणि उद्या जर्नल द्यायचे म्हणून तुम्ही आकडा जुळवून घेण्याच्या विचारात आहात. माझ्या मते त्या संपूर्ण तक्त्यात खरोखर काही सांगणारा आकडा तोच आहे.

खानदेशातील केळीपट्ट्यात मी बरीच वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले. एका प्रात्यक्षिक परीक्षेत रावेरकडच्या एका मुलीच्या तक्त्यात नेमके तुमच्यासारखेच वाचन आले होते. बहिस्थ परीक्षकांनी त्यावर लाल रेघ ओढली आणि नळी नीट धुतलेली नसणार, असे सांगून ते मोकळे झाले. मी ती नळी खिडकीपाशी नेऊन त्यांना दाखवली. त्यातील पाणी नुसते फिकट नव्हते, तर जांभळट लाल रंग जाऊन तिथे पिवळसर तपकिरी छटा आली होती, आणि न धुतलेल्या नळीने असा रंगबदल होत नसतो. बीटमधील बेटानिन हे रंगद्रव्य उष्णता फार वेळ सोसत नाही. त्याचे विघटन होऊन पिवळे बेटालॅमिक आम्ल आणि एक रंगहीन घटक तयार होतो. (काही मार्गदर्शिका या रंगद्रव्याला अजूनही अँथोसायनिन, म्हणजे वेगळ्याच गटातले रंगद्रव्य, म्हणतात. ते निखालस चुकीचे आहे.) थोडक्यात, रंग आत अडवून धरणारे पेशीपटल, म्हणजे पेशीचे पातळ आवरण, 80 अंशांना अधिक घट्ट झालेले नसते. ते केव्हाच निकामी झालेले असते, फक्त बाहेर आलेला रंगच नासू लागलेला असतो. कलरीमीटर हे उपकरण रंग मोजते, पटलाची पारगम्यता, म्हणजे ते किती पाझरू देते, हे मोजत नाही, एवढे साधे भान परीक्षकाला असायला हवे.

परीक्षकांचे समाधान तेवढ्यावर झाले नाही. तोंडी परीक्षेत त्यांनी तिला विचारले, "तापमान उतरवत नेले तर काय होईल?" ती म्हणाली, "सर, आधी रंग कमी पाझरेल, पण फार थंड केले तर पुन्हा वाढेल. थंडीत आमच्या केळीला चरका लागतो, म्हणजे गारठ्याने इजा होते, तेव्हाही पेशीचे पटलच बिघडते." त्यावर ते हसले आणि बीटच्या प्रयोगात केळीचा काय संबंध, असे म्हणून त्यांनी तिचे गुण कापले.

संबंध अगदी थेट आहे. पेशीपटल म्हणजे मुख्यतः फॉस्फोलिपिड या मेदासारख्या द्रव्यांचा (लिपिडांचा) दुहेरी थर आणि त्यात बसवलेली प्रथिने. हिवाळ्यात खोबरेल थिजते आणि शेजारच्या बरणीतले शेंगदाणा तेल पातळच राहते, कारण खोबरेलात सहज थिजणारी संपृक्त मेदाम्ले जास्त असतात; पटलातील लिपिडांचेही काहीसे तसेच असते. उष्ण प्रदेशातील केळीसारख्या वनस्पतीत पारा सुमारे 12 ते 13 अंशांखाली बराच वेळ राहिला, की पटलाचे काही भाग घट्ट होतात व काही प्रवाही राहतात, प्रथिनांचे काम बिघडते आणि पेशीतील पोटॅशियमसारखे आयन बाहेर झिरपू लागतात. रिक्तिकेत, म्हणजे पेशीतील रसाच्या पिशवीत, बंदिस्त असलेली फिनॉल द्रव्ये बाहेरच्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) संपर्कात आली की साल काळी पडते. फ्रीजमध्ये ठेवलेल्या केळ्याचे होते तेच. पाऱ्याची घसरण हळूहळू झाली तर कित्येक वनस्पती पटलातील, थंडीतही पातळ राहणाऱ्या असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण वाढवून सावरतात, म्हणून एका रात्रीत कोसळणारा पारा अधिक घातक ठरतो. आमच्याकडे शेतकरी अशा रात्री बागेला विहिरीचे पाणी देतात आणि बांधावर धूर करतात. त्या मुलीने हे घरी पाहिलेले होते, परीक्षकांनी कुठे वाचलेलेही नव्हते.

आता तुमच्या आलेखाविषयी. तो सरळ रेषेत येणार नाही आणि तसा आणूही नये. बेटानिन रिक्तिकेत असते, त्यामुळे बाहेर येण्यासाठी त्याला रिक्तिकापटल आणि पेशीपटल असे दोन अडथळे ओलांडावे लागतात. साधारण 40 अंशांपर्यंत वाढ किरकोळ असते, आणि त्यातलाही बराचसा रंग कापताना फुटलेल्या पेशींचा असतो, म्हणून तुकडे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवावे लागतात. पन्नाशीच्या पुढे प्रथिनांची घडण मोडते, लिपिडांची मांडणी ढिली होते आणि आलेख एकदम उसळी घेतो. त्यानंतर तो सपाट होतो किंवा तुमच्यासारखा खाली वळतो. निरीक्षणाखाली नळीची छटा शब्दांत लिहा, नुसता आकडा देऊन थांबू नका, आणि परीक्षकांनी रेघ ओढलीच तर नळी त्यांच्यासमोर उजेडात धरा.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. तुम्ही तुकडे मिनिटभरच गरम पाण्यात बुडवून नंतर साध्या पाण्यात ठेवले असतील, तर विघटनाचे कारण तितकेसे लागू पडणार नाही. तुकड्यांचा आकार सारखा होता का, हे आधी तपासा. तसेच केळीतील इजा आणि फ्रीजरमधील बीट यांची यंत्रणा एकच नाही: केळीत बर्फ होत नाही, तर बीटमध्ये बर्फाचे स्फटिक पटल फाडतात आणि तुकडा वितळताच रंग भळाभळा बाहेर येतो. बीट मुळात थंड हवामानाचे पीक असल्याने ते नुसते 4 अंशांवर ठेवल्यास पाझर कमीच दिसतो.

कलरीमीटरला कोणत्या रंगाचा फिल्टर लावायचा, हेही तुम्ही विचारले आहे, तर हिरवा लावा. बेटानिन सुमारे 535 नॅनोमीटरला सर्वाधिक प्रकाश शोषते.