शाळेच्या निर्णयांत विद्यार्थ्यांचा वाटा : युरोपातील व्यवस्थेविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकातील युरोपीय माध्यमिक शिक्षणावरील लेखानंतर जी पत्रे आली, त्यांपैकी बरीचशी एकाच मुद्द्याभोवती होती : शाळा चालवण्याच्या निर्णयांत तेथील विद्यार्थ्यांना खरोखर किती स्थान असते? त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : युरोपात प्रत्येक माध्यमिक शाळेत निवडून आलेले विद्यार्थी मंडळ असते, असे वाचनात आले. ते कायद्याने बंधनकारक आहे की शाळांच्या मर्जीवर सोडलेले आहे? (एक माध्यमिक शिक्षिका)

युरोपासाठी एकच शिक्षण कायदा नाही, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देशागणिक बदलते. सर्वांना समान असा आधार म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार. त्याच्या बाराव्या अनुच्छेदानुसार, स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या प्रत्येक मुलाला आपल्याशी संबंधित सर्व बाबींत ते मत मांडण्याचा हक्क आहे आणि त्या मताला वय व समज यांनुसार योग्य वजन मिळाले पाहिजे. मात्र हे वजन कोणत्या समितीत, किती जागांच्या रूपाने आणि कोणत्या विषयांवर द्यायचे, हे करार सांगत नाही. ते प्रत्येक देशाने आपापले ठरवले.

पोलंडमध्ये शाळेतील सगळेच विद्यार्थी मिळून कायद्याने विद्यार्थी स्वराज्य संस्था बनतात आणि त्यांचे प्रतिनिधी त्यातून निवडले जातात. फिनलंडच्या उच्च माध्यमिक शाळांतही साधारण अशीच रचना आहे. वेल्समध्ये २००५ च्या नियमांनी सरकारी अनुदानित शाळांना विद्यार्थी परिषद सक्तीची केली आणि वर्षातून किमान सहा बैठका घेण्याचे बंधन घातले. शेजारच्या इंग्लंडमध्ये मात्र अशी सक्ती नाही. आयर्लंडच्या १९९८ च्या शिक्षण कायद्याने मधला मार्ग स्वीकारला. तेथे माध्यमिक शाळेतील विद्यार्थी परिषद स्थापन करू शकतात आणि शाळेच्या व्यवस्थापन मंडळाने त्यांना उत्तेजन द्यावे, असे कायदा म्हणतो. जर्मनीत शिक्षण हा १६ राज्यांचा विषय असल्याने प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत, तरी वर्गप्रतिनिधी, शाळाप्रतिनिधी आणि विद्यार्थ्यांचा विश्वास असलेला एक दुवा-शिक्षक ही मांडणी जवळजवळ सगळीकडे आढळते.

प्रश्न : परिषद असणे वेगळे आणि अधिकार असणे वेगळे. या विद्यार्थ्यांना निर्णयात मत देता येते, की त्यांचे म्हणणे ऐकून घेऊन पुढे हवे तेच केले जाते? (एक निवृत्त मुख्याध्यापक)

आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. माझ्या मते कोणत्याही देशाची व्यवस्था जोखायची असेल, तर एकच गोष्ट आधी पाहावी : विद्यार्थी प्रतिनिधींनी ‘नाही’ म्हटले, तर निर्णय अडतो का? परिषदेच्या बैठका किती झाल्या, निवडणुकीला किती जण उभे होते, हे सगळे त्यानंतर.

या कसोटीवर ऑस्ट्रिया पुष्कळ वर चढतो. तेथील माध्यमिक शाळांत एक शाळा-समुदाय समिती असते. तिच्यात शिक्षकांचे तीन, पालकांचे तीन आणि विद्यार्थ्यांचे तीन प्रतिनिधी बसतात. मुख्याध्यापक अध्यक्षस्थानी असतात, पण या नऊ मतांत त्यांचे मत धरलेले नसते. शाळेचे अंतर्गत नियम आणि अनेक दिवसांचे सहल-शिबिरांसारखे उपक्रम असे विषय या समितीपुढे येतात. नऊपैकी तीन मते शिक्षकांची असल्याने शिक्षकांना एकट्याच्या बळावर कोणताही ठराव संमत करून घेता येत नाही. त्यांना विद्यार्थ्यांना किंवा पालकांना पटवावेच लागते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आपल्या शिक्षकासमोर बसून समान मताने बोलता येते, याचे मला फार मोल वाटते, कारण असे बोलणे पुस्तकातून शिकवता येत नाही.

नेदरलँड्सने निराळी वाट धरली. २००७ पासून लागू असलेल्या सहभाग कायद्यानुसार प्रत्येक शाळेत एक सहभाग परिषद असते. माध्यमिक शाळेत तिच्या निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या असतात आणि उरलेल्या निम्म्या पालक व विद्यार्थी यांच्यात वाटल्या जातात. हा कायदा दोन अधिकारांत स्पष्ट फरक करतो. काही विषयांवर परिषदेचा केवळ सल्ला घ्यावा लागतो, तर काहींवर तिची संमती लागते, आणि संमतीशिवाय निर्णय पुढे सरकत नाही. विद्यार्थ्यांचे हक्क व कर्तव्ये नोंदवणारी सनद प्रत्येक माध्यमिक शाळेला ठेवावी लागते. तिच्यात बदल करायचा तर विद्यार्थी प्रतिनिधींची संमती हवी. ती नाकारली गेली, तर व्यवस्थापनाला प्रस्ताव मागे घ्यावा लागतो किंवा तंटा निवारण करणाऱ्या राष्ट्रीय आयोगाकडे जावे लागते. प्रतिनिधीच्या नकाराला पुढची निश्चित वाट कायद्यातच आखून दिलेली आहे, ही या व्यवस्थेची खरी ताकद आहे.

फ्रान्समध्ये १९९० च्या शरद ऋतूत शाळांतील गैरसोयींविरुद्ध विद्यार्थी मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले आणि त्यानंतर १९९१ मध्ये उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांना सभा, संघटना व प्रकाशन यांचे हक्क शासकीय आदेशाने मिळाले. आज तेथील प्रत्येक उच्च माध्यमिक शाळेत सर्व विद्यार्थ्यांनी थेट निवडलेल्या दहा प्रतिनिधींचे विद्यार्थी-जीवन मंडळ असते. हे मंडळ मते व प्रस्ताव देते. अंतिम निर्णय शाळेच्या प्रशासकीय मंडळात होतो, जेथे साधारणतः तीस सदस्यांपैकी पाच विद्यार्थी असतात. पाच मतांनी तीस जणांच्या सभेत काही अडवता येत नाही, पण विषयपत्रिका आधी हाती येते, कागद पाहता येतात आणि आपले म्हणणे इतिवृत्तात नोंदवून घेता येते. आयर्लंडच्या बहुतेक शाळांत व्यवस्थापन मंडळावर विद्यार्थ्याला जागाच नसते, त्या मानाने हेही थोडे नाही.

आणि दिलेला अधिकार काढूनही घेता येतो, हे स्पेनने दाखवले. तेथील शाळा परिषदेत १९८५ च्या कायद्यापासून विद्यार्थी प्रतिनिधी आहेत. २०१३ च्या सुधारणेने या परिषदेचे अनेक निर्णयाधिकार काढून तिला मुख्यतः मूल्यमापन आणि मतप्रदर्शन करणारी संस्था केले. २०२० च्या कायद्याने ते अधिकार परत दिले. या काळात विद्यार्थी खुर्चीवर बसलेलेच होते. जागा तीच, सदस्य तेच, फक्त त्यांच्या होकार-नकाराने आता काही ठरत नव्हते. म्हणूनच परिषदेत किती विद्यार्थी आहेत, या आकड्यावर समाधान मानू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

प्रश्न : पंधरा वर्षांच्या मुलांना सर्वच विषयांवर मताधिकार देणे योग्य आहे का? त्याला काही मर्यादा असतात की नाही? (एक पालक)

असतात, आणि त्या कोठे घातल्या आहेत हे पाहणे उद्बोधक आहे. इटलीत १९७४ च्या आदेशांनी शाळेच्या मंडळावर विद्यार्थ्यांना आणले. पाचशेहून अधिक विद्यार्थी असलेल्या उच्च माध्यमिक शाळेत १९ सदस्यांच्या मंडळात चार विद्यार्थी असतात आणि अध्यक्षपद पालक प्रतिनिधीकडे असते. मात्र अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या प्रतिनिधीला अंदाजपत्रक व खर्च यांवर निर्णायक मत देता येत नाही. स्पेनमध्ये सक्तीच्या माध्यमिक शिक्षणाच्या पहिल्या दोन वर्षांतील विद्यार्थी परिषदेत निवडून येऊ शकतात, पण मुख्याध्यापकाच्या निवडीत भाग घेऊ शकत नाहीत.

तेव्हा मर्यादा आहेत त्या विषयांच्या, आणि मला ती रीत योग्य वाटते. वय कमी म्हणून दारच बंद करण्यापेक्षा ती कितीतरी बरी. इटलीतील पैशांवरचे बंधन मात्र मला पटत नाही. पुढील उत्तर वाचल्यावर आपल्यालाही कदाचित तसेच वाटेल.

प्रश्न : विद्यार्थ्यांच्या हाती प्रत्यक्ष पैसा दिल्याचे उदाहरण आहे का? (एक वाचक)

पोर्तुगालचे आहे. तेथे २०१७ पासून शाळांचे सहभागी अंदाजपत्रक राबवले जाते. त्यात सातवी ते बारावीच्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक युरो, आणि लहान शाळेसाठी किमान ५०० युरो, अशी रक्कम केवळ विद्यार्थ्यांनी ठरवलेल्या कामासाठी राखून ठेवली जाते. एक विद्यार्थी किंवा जास्तीत जास्त पाच जणांचा गट प्रस्ताव मांडतो. प्रस्तावाला किमान पाच टक्के विद्यार्थ्यांचा पाठिंबा असावा लागतो, म्हणजे प्रस्तावकर्त्यांना आधी वर्गावर्गांत हिंडून सह्या गोळा कराव्या लागतात. त्यानंतर प्रचार होतो आणि २४ मार्चला, पोर्तुगालच्या विद्यार्थी दिनाच्या सुमारास, मतदान होते. जो प्रस्ताव जिंकतो, तो शाळेने त्याच वर्षी पूर्ण करायचा असतो.

रक्कम मोठी नाही. सहाशे विद्यार्थ्यांच्या शाळेत सहाशे युरोंत बाके, खेळाचे साहित्य किंवा एखाद्या खोलीची डागडुजी होईल, इमारत बांधून होणार नाही. तरीही मला हा प्रयोग अतिशय महत्त्वाचा वाटतो. अंदाज काढणे, किंमत विचारणे, आपला प्रस्ताव हरला तर दुसऱ्याचा मान्य करणे, आणि काम झाले की नाही हे पाहायला जाणे, हे सारे त्या सहाशे युरोंत येते. शिवाय येथे मत देतो तो प्रत्येक विद्यार्थी, केवळ निवडलेले दोन-चार प्रतिनिधी नव्हेत.

प्रश्न : वर्गप्रतिनिधी होऊन नेमके काय करावे लागते? (दहावीतील एक विद्यार्थिनी)

फ्रान्समधील वर्गप्रतिनिधीचे काम तुला जवळून सांगतो. वर्षाच्या आरंभी प्रत्येक वर्ग दोन प्रतिनिधी आणि त्यांचे दोन पर्यायी निवडतो. साधारण दर तिमाहीच्या शेवटी वर्गाची सभा भरते. मुख्याध्यापक किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात, त्या वर्गाला शिकवणारे शिक्षक असतात, दोन पालक असतात आणि हे दोन विद्यार्थी. आधी वर्गाची एकंदर स्थिती बोलली जाते, मग एकेका विद्यार्थ्याची प्रगती.

त्यामुळे प्रतिनिधीला सभेआधी वर्गातील प्रत्येकाशी बोलून घ्यावे लागते : कोणाच्या घरी आजारपण होते, कोणाला एका विषयाचा वेग झेपत नाही, लागोपाठच्या चाचण्यांविषयी सर्वांचे काय म्हणणे आहे. सभेत एखाद्याचे गुण घसरल्याची चर्चा निघाली की त्यामागचे कारण, त्याची परवानगी असेल तर, मांडायचे. सभा संपल्यावर वर्गाला वृत्तांत द्यायचा, पण एकाचे खासगी दुसऱ्याला सांगायचे नाही. चांगले बोलता येणाऱ्या मुलांनाच बहुधा मते मिळतात, पण या कामात ऐकून घेणाऱ्याची जास्त गरज असते. तू निवडणुकीला उभी राहणार असलीस, तर हे ध्यानात ठेव.

प्रश्न : परीक्षा, अभ्यासक्रम यांसारखे निर्णय शाळेत होतच नाहीत. देशपातळीवर विद्यार्थ्यांचे कोण ऐकते? (एक प्राध्यापक)

येथे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होऊ नये. एक म्हणजे शासनाने नियमाने स्थापन केलेली मंडळे. फ्रान्समध्ये शाळेच्या वर विभागीय व राष्ट्रीय विद्यार्थी-जीवन मंडळे आहेत. इटलीत १९९६ पासून प्रत्येक प्रांतात विद्यार्थी सल्लामंडळ असून त्यावर प्रत्येक उच्च माध्यमिक शाळेतून दोघे निवडून जातात. दुसरा प्रकार विद्यार्थ्यांनी स्वतः उभारलेल्या संघटनांचा : नेदरलँड्समधील १९८४ ची ‘लाक्स’, फिनलंडमधील उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांचा १९८५ चा संघ, दोन जुन्या संघटना एकत्र येऊन १९९९ मध्ये बनलेली नॉर्वेची विद्यार्थी संघटना. अशा राष्ट्रीय संघटनांना जोडणारा युरोपीय महासंघ, ‘ओबेसू’, १९७५ मध्ये डब्लिन येथे स्थापन झाला. त्याचे कार्यालय आता ब्रसेल्समध्ये आहे.

मंडळाला मंत्रालयाचे दार सहज उघडते, पण त्याची विषयपत्रिका बरेचदा मंत्रालयच ठरवते. संघटनेला दार ठोठावावे लागते, पण काय बोलायचे ते ती स्वतः ठरवते. ‘लाक्स’ दर वर्षी मे महिन्यातील शालान्त परीक्षेच्या काळात तक्रार केंद्र चालवते. प्रश्न संदिग्ध होता, वेळ पुरला नाही, परीक्षागृहाबाहेर गोंगाट होता, अशा तक्रारी देशभरातून येतात, त्या विषयवार लावल्या जातात आणि प्रश्नपत्रिकांच्या दोषांविषयीच्या तक्रारी परीक्षांची जबाबदारी असलेल्या राष्ट्रीय मंडळापर्यंत पोहोचवल्या जातात. हे काम शासनाच्याच मंडळाने इतक्या मोकळेपणाने केले असते, असे मला वाटत नाही. दोन्ही प्रकार असावेत, पण एकच निवडायचा झाला तर मी स्वतंत्र संघटना निवडेन.

प्रश्न : या सर्व व्यवस्थेत कोण सुटून जाते? (पहिल्याच शिक्षिकेचा दुसरा प्रश्न)

सर्वांत आधी व्यावसायिक शिक्षण घेणारे विद्यार्थी. जर्मनी आणि ऑस्ट्रियात उमेदवारी करणारी, म्हणजे मालकाकडे काम करत धंदा शिकणारी (अप्रेंटिस) मुले आठवड्यातील एखाद-दोन दिवस किंवा वर्षातील काही सलग आठवडेच शाळेत असतात. उरलेला काळ ती कारखान्यात, दुकानात, स्वयंपाकघरात काम शिकत असतात. परिषदेची बैठक ज्या दिवशी असते, त्या दिवशी त्यांची पाळी असते, आणि रजा देणे मालकाच्या हाती असते. त्यामुळे एकच सामाईक निवडणूक घेतली, की विद्यापीठाकडे जाणाऱ्या शाळांतील मुलेच बहुधा निवडून येतात आणि बोलतातही तीच.

ऑस्ट्रियाने यावर केलेला उपाय साधा आहे. राज्यपातळीवरील विद्यार्थी प्रतिनिधित्वात सामान्य शिक्षणाच्या शाळा, पूर्णवेळ व्यावसायिक शाळा आणि उमेदवारीबरोबरच्या व्यावसायिक शाळा अशा तिन्ही गटांचे प्रतिनिधी स्वतंत्रपणे निवडले जातात आणि प्रत्येक गटाचा स्वतःचा प्रमुख असतो. बैठकीची वेळ व मालकाकडून मिळणारी मोकळीक हे प्रश्न त्याने आपोआप सुटत नाहीत. पण ते मांडणारा माणूस सभेत बसलेला असतो, आणि त्याला तेथे पाठवले असते ते त्याच्यासारखेच काम करून शिकणाऱ्यांनी.