वडिलांच्या ३१५ बोअरसाठी अमेरिकेतून रिकाम्या पुंगळ्या नेता येतील का?

प्रश्न : मी तीन वर्षांपासून ह्यूस्टनला एच-१बी व्हिसावर काम करतो. सातारा जिल्ह्यात वडिलांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावर ३१५ बोअर रायफल आहे. इथल्या एका मित्राकडे, जो अमेरिकन नागरिक आहे, जुनी ऑस्ट्रियन मॅनलिखर एम९५ आहे. दोन्हींचं काडतूस एकच, ८ बाय ५० आर. त्याच्या पुंगळ्या बाजारात सापडत नाहीत, म्हणून सर्बियात बनलेल्या ७.६२ बाय ५४ आरच्या रिकाम्या पुंगळ्या विकत घेतल्या, तोंडं नरम केली, साच्यातून काढल्या आणि लांबी ५० मिलिमीटरवर आणली. अशा शंभरेक माझ्या गॅरेजमध्ये आहेत. त्यातल्या पन्नास डिसेंबरमध्ये वडिलांसाठी न्यायच्या आहेत. टोपी (दारू पेटवणारा तळाचा छोटा भाग) नाही, दारू नाही, नुसतं पितळ आहे. काही अडचण येईल का?

उत्तर : पुंगळ्या भारतात नेऊ नका. पण त्याआधीचा आणि जास्त गंभीर प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही. त्या आज तुमच्या गॅरेजमध्ये आहेत, हाच तो प्रश्न.

‘नुसतं पितळ’ हा शब्द अमेरिकन कायद्यात चालत नाही. तिथल्या संघीय कायद्यात, टायटल १८ च्या कलम ९२१(ए)(१७) मध्ये, ‘अॅम्युनिशन’ची व्याख्या आहे. भरलेल्या काडतुसाबरोबरच रिकामी पुंगळी, टोपी, गोळी आणि दारू यांतला प्रत्येक सुटा घटक तिच्यात येतो. टोपी बसवलेली असो वा नसो, पुंगळी म्हणजे अॅम्युनिशनच. आणि कलम ९२२(जी)(५)(बी) प्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावर प्रवेश मिळालेल्या माणसाला बंदूक किंवा अॅम्युनिशन जवळ बाळगता येत नाही. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ हे सगळे त्यात आले. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही, म्हणून तुमचे ग्रीन कार्डवाले स्नेही ‘आम्ही तर करतो’ म्हणतील. त्यांचं त्यांना बरोबर आहे, तुम्हाला नाही.

‘पुंगळ्या मीच घडवल्या’ हा बचावही टिकणार नाही. त्या मूळ ७.६२ बाय ५४ आरच्या होत्या तेव्हाही कायद्याने अॅम्युनिशनच होत्या. शिवाय सर्बियातून आल्यामुळे परदेशी किंवा आंतरराज्य व्यापारातून माल आलेला असण्याची कायद्याची अट आपोआप पूर्ण होते. रेहैफ खटल्यात (२०१९) अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, आरोपीला स्वतःचा बंदी असलेला दर्जा माहीत होता हे सरकारने सिद्ध केलं पाहिजे. पण एच-१बीवाल्याला आपला व्हिसा माहीत नव्हता, हे कोण मान्य करेल? बंदीचा नियम ठाऊक नव्हता, हा बचाव नव्हे.

शिक्षा जून २०२२ पासून १५ वर्षांपर्यंत वाढली आहे. तुमच्या दृष्टीने त्याहून वाईट म्हणजे या कलमाखालचा दोषसिद्धीचा निकाल इमिग्रेशन कायद्यात ‘अॅग्रव्हेटेड फेलनी’, म्हणजे सगळ्यात गंभीर वर्गातला गुन्हा, ठरतो. मग देशाबाहेर काढलं जाणं जवळपास अटळ होतं आणि परतीचा रस्ताही बंद होतो. शंभर पुंगळ्यांपायी हे ओढवून घेऊ नका.

एक सूट मात्र खरी आहे आणि तुमच्या बहुतेक कामाला पुरेशी आहे. कलम ९२२(वाय)(२) प्रमाणे ज्याच्याकडे अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याने कायदेशीर दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना आहे, त्याला ही बंदी लागत नाही. टेक्सासमध्ये सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलेल्या व्यक्तीला रहिवाशाचा परवाना मिळतो. परवाना ऑनलाइन काढता येतो. शिकारीला जायचं असेल तर २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्सही लागतो.

यातली मेख तारखेत आहे. टेक्सासचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो आणि नवा १५ ऑगस्टच्या सुमारास विक्रीला येतो. तुम्ही विसरलात तर १ सप्टेंबरच्या सकाळी गॅरेजमधलं तेच पितळ पुन्हा गुन्हा ठरतं. परवान्याची छापील प्रत पुंगळ्यांच्या डब्यातच ठेवा. पत्नी एच-४ वर असेल आणि गॅरेज दोघांच्या वापरात असेल, तर तिच्या नावावरही परवाना काढा. ताबा खिशातलाच असावा लागत नाही. माहिती आणि नियंत्रण असलं तरी तो ताबाच.

परवाना मागे जाऊन झालेली चूक पुसत नाही. म्हणून क्रम असा ठेवा. आजच त्या पुंगळ्या, साचे आणि उरलेलं पितळ मित्राच्या घरी त्याच्या ताब्यात द्या. पैसे घेऊ नका, कारण नियोक्त्याबाहेरची कमाई एच-१बीच्या अटींचा भंग करते. मग परवाना काढा. आणि तुमच्या इमिग्रेशन वकिलाला हे एकदा समोरासमोर सांगा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर किंवा ऑनलाइन कुठेही लिहू नका. मात्र कोणी चौकशी सुरू केली असेल, तर काहीही हलवण्याआधी फौजदारी वकील गाठा. चौकशी चालू असताना वस्तू हलवणं हा वेगळाच गुन्हा होऊ शकतो.

मित्राला एक निरोप द्या. अनेक एम९५ रायफली १९३० च्या दशकात ८ बाय ५६ आर काडतुसासाठी बदलल्या गेल्या आणि त्यांच्या नळीवर, चेंबरपाशी (काडतूस बसतं त्या जागेपाशी), ‘एस’ किंवा ‘एच’ हा मोठा ठसा असतो. तो ठसा असेल तर ५० मिलिमीटरला कापलेलं पितळ तिथे उपयोगाचं नाही. आधी ठसा बघा, मग कात्री लावा.

आता प्रवास. अमेरिकन विमानतळाची सुरक्षा यंत्रणा टोपी काढलेली किंवा उडालेली रिकामी पुंगळी हातसामानातही चालवून घेते. त्यावर विसंबून अनेकजण फसतात. ती परवानगी फक्त विमानाच्या सुरक्षेपुरती आहे. निर्यातीचा नियम निराळा आहे. ९ मार्च २०२० पासून अशा काडतुसांचे भाग वाणिज्य खात्याच्या नियंत्रण यादीत आहेत आणि भारतात पाठवायला सहसा त्या खात्याचा परवाना लागतो. सामानासोबत नेण्याची सवलत नागरिक आणि कायम रहिवाशांच्या स्वतःच्या वापरापुरती आहे. दुसऱ्याला देण्यासाठी ती नाहीच.

मुंबईत उतरल्यावर शस्त्र अधिनियम, १९५९ सुरू होतो. कलम २(१)(ब) मध्ये दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्री, दोन्ही ‘दारूगोळा’ या शब्दात आहेत. म्हणजे साचे आणि प्रेससुद्धा नेऊ नका. आयातीला कलम १० खाली परवाना लागतो.

‘पण रिकामी पुंगळी बाळगणं गुन्हा नाही’ असं तुम्ही वाचलं असेल. ते कलम ४५(ड) वरून येतं. काडतुसाचे किरकोळ भाग, जे त्यांच्या पूरक भागांबरोबर वापरायचे नाहीत, त्यांना हा कायदा लागत नाही. नेमबाजीच्या रेंजवर उचललेली पुंगळी बॅगेच्या कप्प्यात राहून गेली, तर हे कलम कामी येतं. चुकून राहिलेल्या काडतुसांच्या प्रकरणांत जाणीवपूर्वक ताब्याचा मुद्दाही मांडला जातो. गुणवंतलाल प्रकरणात (१९७२) सर्वोच्च न्यायालयाने त्याची चर्चा केली आहे. तुमच्या बाबतीत दोन्ही दारं बंद आहेत. तुम्ही पुंगळ्या मुद्दाम नेताय, आणि त्याही नेमक्या टोपी, दारू आणि गोळी भरून वडिलांच्या रायफलीत वापरण्यासाठी. हेतूच सूट काढून घेतो. पन्नास एकसारख्या, साच्यातून काढलेल्या पुंगळ्यांचा पंचनामा झाला की हेतू वेगळा सिद्धही करावा लागत नाही.

सगळ्यात मोठा धोका वडिलांना आहे. साच्यातून काढलेली पुंगळी त्याच रायफलीच्या चेंबरमध्ये एकदा भरून उडवल्यावरच नीट आकाराला येते, म्हणजे शेवटची पायरी साताऱ्यात होणार. त्यांच्या परवान्यात काडतुसं विकत घेणं आणि बाळगणं आहे, बनवणं नाही. कलम ५ च्या परवान्याशिवाय काडतूस बनवण्याला कलम २५(१)(अ) लागतं आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा ७ वर्षांची, कमाल जन्मठेपेची आहे. पीक राखायला घेतलेल्या रायफलीसाठी त्यांना या वाटेला नेऊ नका.

३१५ ची काडतुसं भारतात सरकारी कारखान्यात बनतात आणि परवानाधारक विक्रेत्याकडून परवान्यावरच्या मर्यादेत मिळतात. वडिलांना तालुक्याऐवजी पुण्या-कोल्हापूरच्या विक्रेत्यांकडे साठ्याची लेखी चौकशी करू द्या. मर्यादा अपुरी पडत असेल, तर कारण देऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे वाढीचा अर्ज करता येतो. त्यात गट क्रमांक, पीक नुकसानीचे पंचनामे आणि मागच्या खरेदीच्या पावत्या जोडा. अर्जाची पोच घ्या आणि उडवलेल्या रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवा. वापराचा हिशेब मागितला तर त्याच दाखवता येतील.